तट्टानं मान हलवली

आमच्या कॉट्रेल गावात हल्ली एक बोलायची पद्धत पडली आहे. विमा विकणारा रंगीत तक्ते घेऊन आला, निवडणुकीचा उमेदवार बँड लावून फुगे वाटून गेला, शाळेच्या बोर्डानं पडद्यावर चित्रं दाखवून नव्या इमारतीचे गोडवे गायले, की लोक ओठ मुडपून म्हणतात, ‘डॉग अँड पोनी शो!’ म्हणजे नुसता कुत्र्या-तट्टांचा खेळ. वर झगमगाट, आत काही नाही, समोरच्याला भुलवण्यापुरता मांडलेला देखावा. सगळ्या नेब्रास्कात असंच म्हणतात. सैन्यातून परत आलेली पोरं सांगतात की तिथले मोठे साहेबसुद्धा हेच म्हणतात.

माझ्या कॅफेत कुणी असं म्हणालं की माझं डोकं फिरतं. त्याच्यापुढे कॉफीचा कप मी जरा आपटूनच ठेवते. म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी कुत्र्या-तट्टांचा खेळ जन्मात पाहिलेला नाही. मी पाहिलाय. आणि हे लोक ज्याला तसं म्हणतात, तेही पाहिलंय. दोन्ही एकाच दुपारी, एकाच हॉलमध्ये. त्या दुपारी ज्यांचं सगळं गेलं, त्या अँब्रोज विटकॉम यांच्याबद्दल कुणी एक ओळ लिहून ठेवली नाही, म्हणून मीच बसले आहे लिहायला.

हत्ती-सिंहवाल्या मोठ्या सर्कशी ओमाहाला यायच्या, लिंकनला यायच्या. कॉट्रेलसारख्या गावात त्यांना काय मिळणार? आमच्यासारख्यांकडे यायचे ते छोटे खेळ. दोन-तीन डब्यांची गाडी, एक तंबू, एक रिंगण, आणि प्राणी म्हणाल तर कुत्री आणि तट्टं. सकाळी स्टेशनातून मेन स्ट्रीटवर त्यांची मिरवणूक निघायची, ती फुकट. ती पाहून पोरं आयांच्या मागे लागायची, आणि संध्याकाळी तंबू भरायचा. मी आठ-नऊ वर्षांची असताना टिल्बरी बंधूंचा खेळ पाहिला. कुत्र्यांची आगीची फलटण होती. रिंगणात लाकडी घर पेटवायचे, खरोखर पेटवायचे, धूर डोळ्यांत जायचा. मग टोप्या घातलेली कुत्री तट्टाची बंबगाडी घेऊन धावत यायची, आणि त्यातलं एक शिडीवरून वर चढून जळत्या खिडकीतून पिल्लू तोंडात धरून बाहेर उडी मारायचं. मी रडले होते. आई म्हणाली, पुरे आता, ते रोज करतात. मला ते पटलं नव्हतं.

ती फलटण तयार केली होती अँब्रोजच्या बायकोनं, ओपलनं, आणि तट्टं अँब्रोजनी. या खेळांतल्या शिकवणाऱ्या माणसाला ‘प्रोफेसर’ म्हणायची चाल होती, मग तो चौथीतून पळालेला का असेना. अँब्रोज आयोवातल्या एका डुकरांच्या फार्मवरून सोळाव्या वर्षी टिल्बरींच्या गाडीत चढून पळाले होते. पण प्रोफेसर म्हटल्यावर त्यांची पाठ ताठ व्हायची, ती शेवटपर्यंत. गावात त्यांना कुणी अँब्रोज म्हणत नसे. आम्ही थट्टेनं प्रोफेसर म्हणत होतो, ते गंभीरपणे ऐकून घेत होते.

टिल्बरींचा हिवाळ्याचा मुक्काम आमच्याच गावाबाहेर, ओढ्याकाठच्या खोलगट जमिनीवर असायचा. तिथे मोठा तबेला होता आणि सरावाचं गोल रिंगण. सिनेमा आला, मोटारी आल्या, तंबूत माणसं दिसेनाशी झाली, आणि एका हिवाळ्यानंतर टिल्बरींची गाडी पुन्हा निघालीच नाही. बाकीचे पांगले. प्रोफेसर आणि ओपल यांनी ती ओढ्याकाठची जमीन विकत घेऊन तिथेच घर केलं. ओपल माझ्याकडे कॅफेत केक भाजायला यायची. प्रोफेसर लोकांचे अडेल घोडे वठणीवर आणायचे. म्हातारी झालेली कुत्री-तट्टं एकेक करून गेली, त्यांना रिंगणाभोवतीच पुरलं. प्रत्येकाच्या डोक्याशी ओढ्यातला एक दगड. ते दगड ओळखायला प्रोफेसरांना नावं लिहावी लागली नाहीत.

दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षी तिथे एक शिंगरू जन्मलं, जुनिपर. त्याला दोघांनी मिळून शिकवलं. जुनिपर हिशेब करायचा. तीन आणि चार किती, विचारलं की खूर सातदा आपटायचा. ‘हो’ की ‘नाही’ विचारलं की मान हलवून सांगायचा. गावजत्रेत, शाळेच्या सहलीत, चर्चच्या मेळाव्यात प्रोफेसर त्याला घेऊन जायचे. मी कितीदा खोदून विचारलं, की हे करता कसं. ते म्हणायचे, ‘अगं, माझ्यापेक्षा जास्त शिकलाय तो.’ तंबूतली गोष्ट तंबूच्या बाहेर सांगायची नाही, हा त्यांच्या लोकांतला पहिला आणि बहुतेक शेवटचा नियम. चोरी चालेल, दारू चालेल, दुसऱ्याची बायको पळवली तरी चार दिवसांनी माफ होईल. पण प्रेक्षकासमोर गुपित फोडलं, की त्या माणसाला पुन्हा कुणी तंबूत घ्यायचं नाही.

आता ज्यांचं गुपित ते राहिले नाहीत, म्हणून मी सांगते. समोर उभ्या माणसानं अंगठा जाकिटाच्या खिशात अडकवला की जुनिपर मान खाली-वर करायचा, म्हणजे हो. अंगठा काढला की थांबायचा. ‘नाही’ म्हणणं आणि खूर आपटणं हेही असंच, दुसऱ्या हातावर. एवढंच. ते जाकीट ओपलनं शिवलेलं होतं, खिसा मुद्दाम जरा वर घेऊन. ओपल गेल्यावरही प्रोफेसर खेळाला तेच घालायचे.

अठ्ठावन्न साली जलमंडळाचा स्टॅफर्ड नावाचा माणूस गावात आला. ओढा अडवून तलाव करायचा बेत होता. तलाव झाला की होड्या येतील, ओमाहाचे लोक सुट्टीला येतील, काठावर हॉटेल उभं राहील, कॉट्रेलचं सोनं होईल. वरच्या बाजूला ज्यांची शेतं होती, त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. बुडणार होती ती खालची पडीक जमीन, आणि खाली राहणारा माणूस एकच. प्रोफेसर.

स्टॅफर्ड गोड बोलायचा. गावाला नको असेल तर आम्ही दुसरा ओढा बघू, म्हणायचा. मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी शाळेच्या जिममध्ये, म्हणजे व्यायामाच्या हॉलमध्ये सभा ठरली, तिथे हात वर करून काय ते ठरायचं होतं. आणि तेव्हा काही ठरलेलं नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. निम्मं गाव कुरकुरत होतं. म्हाताऱ्याला कशाला उठवायचं, असं म्हणणारे माझ्याच कॅफेत रोज बसत होते. व्हर्ल हचिन्ससारखा वरच्या शेताचा मालकसुद्धा म्हणाला होता की प्रोफेसर उभे राहून नाही म्हणाले, तर आपला हात वर जाणार नाही.

सभेच्या आधी स्टॅफर्ड तीन रविवार ओढ्याकाठी गेला. कुंपणावर बसून त्यानं जुनिपरचा सराव पाहिला. जुनिपरसाठी पेपरमिंटच्या गोळ्या नेल्या. प्रोफेसरांना म्हणाला, असा कलावंत कोपऱ्यात पडलाय, हे बरं नाही. सभेच्या आधी तुमचा खेळ ठेवू या. मग तुम्हाला हवं तेवढं बोला, मंडळाच्या विरुद्ध बोललात तरी चालेल.

प्रोफेसर कॅफेत हे सांगायला आले तेव्हा खुशीनं त्यांचे कान लाल झाले होते. मी म्हटलं, हा माणूस तुम्हाला हरभऱ्याच्या झाडावर चढवतोय.

‘लोरेटा, तुला यातलं कळत नाही,’ ते म्हणाले. ‘त्याच्या नकाशांसाठी कोण येणार आहे? लोक माझ्यासाठी येतील. गर्दी जमवणं हे माझं काम आहे. आणि एकदा गर्दी माझी झाली, की ती मी म्हणेन ते ऐकते.’

‘त्याच्या मांडवात?’

‘मांडव कुणाचा का असेना, रिंगण माझं.’

मग जरा घुटमळून म्हणाले, की स्टॅफर्डला दृष्टी आहे. खरा जाणकार आहे. तीन रविवार डोळ्याची पापणी न हलवता बघत होता. सत्तर वर्षांच्या माणसाला कुणीतरी पुन्हा हॉलमध्ये बोलावलं होतं. त्यापुढे माझं काय चालणार?

जिम गच्च भरली. प्रोफेसरांचं खरं ठरलं, लोक त्यांच्यासाठीच आले होते. एका बाजूला मंडळाचं टेबल, त्यावर तलावाचा नमुना. निळी काच, काठावर काड्यांची झाडं, पाण्यात इवल्या होड्या. प्रोफेसरांचं घर जिथे असायला हवं, तिथे निळी काच. दुसऱ्या टेबलावर हॅम सँडविच, कॉफी, डोनट, सगळं मंडळाकडून. पडदा लावून ठेवलेला. बायकांच्या छातीवर मंडळानं वाटलेल्या निळ्या फिती.

पण आधी खेळ झाला, आणि खेळ असा झाला की बस. तीन कुत्री होती, टिल्बरींच्या कुत्र्यांच्या नातवंडांची पोरं. शाळेत पेटवायला परवानगी नव्हती म्हणून घराच्या खिडकीत लाल कागद लावला होता. त्याबद्दल प्रोफेसरांनी सुरुवातीलाच माफी मागितली. म्हणाले, सभ्य स्त्री-पुरुषहो, आज आग खोटी आहे, उडी खरी आहे. कुत्री शिडी चढली, उडी मारली, पिल्लू सुखरूप खाली आलं. मग जुनिपर. त्यानं हिशेब केले, पाद्रीबुवांचं वय सांगितलं, व्हर्लबद्दलच्या एका प्रश्नावर ‘नाही’ म्हणून त्याची फजिती केली. प्रोफेसर सत्तरीचे वाटतच नव्हते. माणसं बाकांवर उभी राहिली होती. त्या क्षणी त्यांनी ‘माझं घर बुडवू नका’ एवढंच म्हटलं असतं, तर एक हात वर गेला नसता. मला अजून तसंच वाटतं.

पण स्टॅफर्ड टाळ्या वाजवत पुढे आला. प्रोफेसरांच्या खांद्यावर हात टाकून त्यानं त्यांना हळूच बाजूला केलं, आणि त्यांच्या जागेवर स्वतः उभा राहिला. म्हणाला, ‘प्रोफेसरांची परवानगी असेल, तर माझाही एक प्रश्न. जुनिपर, कॉट्रेलला तलाव हवा का?’

आणि त्यानं अंगठा जाकिटाच्या खिशात अडकवला.

जुनिपरनं मान हलवली. खाली-वर, खाली-वर, चांगली भरघोस. थांबेचना, कारण तो अंगठा काढतच नव्हता.

सगळी जिम हसली. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, तेच तर वाईट. खेळाच्या शेवटी जसं पोटभर हसतात तसं लोक हसले. व्हर्ल डोळे पुसत होता. त्याच हसण्यावर दिवे मालवले गेले आणि पडद्यावर चित्रं सुरू झाली. निळं पाणी, पांढरी शिडं, टोपी घातलेल्या बायका, हॉटेलचा व्हरांडा. अंधारात लोकांनी सँडविच खाल्ली. प्रोफेसर जुनिपरचा लगाम धरून भिंतीशी उभे होते. अधूनमधून पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडावर पडायचा.

दिवे लागल्यावर स्टॅफर्डनं शब्द पाळला. आता प्रोफेसर विटकॉम बोलतील, म्हणाला. ते पुढे आले. म्हणाले, की ती जमीन मी देऊ शकत नाही. तिथे माझी सगळी... आणि अडले. मला वाटतं त्यांना दगड आठवले. शेकडो गावांत ज्यांनी घसा ताणून लोकांना हाका मारल्या, त्यांना तो शब्द सापडेना.

तेवढ्यात मागून व्हर्ल म्हणाला, ‘अहो प्रोफेसर, तुमचं तट्टू तर हो म्हणालं. आधी घरात एकमत करा, मग आम्हाला सांगा.’

पुन्हा हशा. व्हर्लला तसा काही खुनशीपणा करायचा नव्हता. त्याला मघाची फजिती परत करायची होती, बास. पण वरच्या बाजूला स्वतःचं शेत असलं की माणसाला विनोदसुद्धा सोयीचा सुचतो.

प्रोफेसर त्याच्याकडे बघत राहिले. व्हर्ललाच अवघडल्यासारखं झालं असावं, कारण तो जरा नरमाईनं म्हणाला, ‘म्हणजे, तट्टू खोटं बोललं म्हणता का?’

लोक खरंच उत्तराची वाट बघत होते. प्रोफेसरांनी फक्त सांगायचं होतं. त्या माणसाचा अंगठा बघा, एवढंच. हवं तर व्हर्लला पुढे बोलवायचं, अंगठा खिशात घालायला लावायचा आणि ‘कॉट्रेलला आग लावू का’ असं विचारायला सांगायचं. जुनिपर त्यालाही हो म्हणाला असता, आणि स्टॅफर्डला निळी काच काखेत मारून पळावं लागलं असतं.

प्रोफेसरांनी जुनिपरच्या मानेवर हात ठेवला.

‘नाही,’ ते म्हणाले. ‘जुनिपर कधी खोटं बोलत नाही.’

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग हात वर गेले. आसपास इतके हात होते की मला पलीकडची भिंत दिसेना. प्रोफेसरांनी लोकांना वाकून नमस्कार केला, जसा खेळ संपल्यावर करतात तसा, आणि जुनिपर आणि कुत्र्यांना घेऊन दारातून बाहेर गेले.

पुढच्या वर्षी ओढा अडवला. तबेला पाडला, घर पाडलं, रिंगण तसंच सोडलं, त्यात पाडण्यासारखं काही नव्हतं. मंडळानं जमिनीचा मोबदला दिला, तो कायद्यानं बरोबर होता. प्रोफेसर माझ्या कॅफेच्या मागच्या खोलीत राहायला आले. कुत्री लोकांनी नेली. जुनिपरला गावात ठेवायची सोय नव्हती. व्हर्लनं आपण होऊन कुरणात जागा दिली, चाऱ्याचं काही घेतलं नाही, आणि त्याला वाटलं फिटलं.

तलावाचं काय झालं ते सगळ्यांना माहीतच आहे. दोन उन्हाळे पाणी निळं होतं. मग वरच्या शेतांची माती उतरली, शेवाळ धरलं, वास यायला लागला. हॉटेल आलंच नाही. काठाची जमीन ज्यांनी घेतली, ते ओमाहाचेच कुणी होते, आणि त्यांनीही ती तशीच सोडून दिली. मंडळानं गावाच्या तोंडाला पानं पुसली. स्टॅफर्डची बढती होऊन तो कुठेतरी मोठ्या धरणावर गेला.

एक दिवस व्हर्ल आणि आणखी चौघं कॅफेत बसून हेच उगाळत होते. व्हर्ल वैतागून म्हणाला, ‘काय ती चित्रं, काय ती काच. सगळा डॉग अँड पोनी शो होता साला.’ आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

प्रोफेसर काउंटरच्या टोकाला सूप पीत होते. त्या पाचांतल्या एकालाही ते तिथे आहेत याचं भान नव्हतं, किंवा होतं आणि काही वाटलं नाही. दोन्हींतलं वाईट कोणतं, मला सांगता येणार नाही. प्रोफेसरांनी चमचा खाली ठेवला. त्यांच्याकडे वळून, भांडणाचा सूर न काढता ते म्हणाले, ‘आमच्या खेळात कुत्रं आगीत शिरायचं, व्हर्ल. आग खरी असायची. त्याच्या मिशा जळायच्या.’

व्हर्ल म्हणाला, ‘अहो, तुम्हाला नाही हो म्हटलं, ती नुसती बोलायची पद्धत आहे.’

ते उठून मागच्या खोलीत गेले. मी सूप गरम करून घेऊन गेले, आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं शेवटी विचारलं, की त्या दिवशी असं काय झालं होतं तुम्हाला. तेव्हा त्यांनी मला अंगठ्याचं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा, बाहेरच्या माणसाला.

‘तीन रविवार तो माझ्या हाताकडे बघत होता,’ ते म्हणाले. ‘प्रेक्षक तट्टाकडे बघतो. मला दिसत होतं, आणि मी खूश झालो, की हा जाणकार आहे. टिल्बरींकडे पहिल्या वर्षाचं पोरसुद्धा अशाला कुंपणावरून हाकलतं.’

‘मग सांगायचं ना तिथेच. घर वाचलं असतं.’

‘आणि जुनिपर? तो मग काय उरला असता? खिशाकडे बघून मान हलवणारं जनावर. ओपलचा शेवटचा होता तो, लोरेटा.’

मला राग आला, आणि मी तो गिळला नाही. म्हटलं, ‘प्रोफेसर, त्या हॉलमध्ये एकही माणूस असा नव्हता ज्याला तट्टाला हिशेब येतो असं वाटत होतं. काहीतरी खूण असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तुम्ही गुपित राखलंत कुणापासून?’

त्यांनी सूपचा वाडगा बाजूला सरकवला. मला वाटलं, हे त्यांना माहीत असणार. माहीत नव्हतं. त्यांच्या तोंडावरून दिसलं की जवळजवळ साठ वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ते मी सांगितलं.

त्या हिवाळ्यात प्रोफेसर गेले. टेकडीवर ओपलच्या शेजारी जागा होती, ती तेवढी बुडाली नव्हती.

जुनिपर अजून आहे. व्हर्लच्या कुरणात, रस्त्याकडेच्या कुंपणाशी उभा असतो. आमच्याकडचे शेतकरी बोलायला थांबले की अंगठे विजारीच्या पट्ट्यात नाहीतर जाकिटाच्या खिशात अडकवून उभे राहतात, सगळेच्या सगळे. तसं कुणी समोर थांबलं की जुनिपर मान हलवायला लागतो. कुणी काही विचारलेलं नसतं. व्हर्लला वाटतं त्याला माशा त्रास देतात. मी त्याला काही सांगितलेलं नाही. रविवारी मी पेपरमिंटच्या गोळ्या घेऊन जाते, आणि कुंपणापाशी पोचले की दोन्ही हात पाठीमागे धरते.